फिटरचं जर्नल मोबाईलवरून येतंय, तर काय करावं?

तुम्ही विचारलंय की पहिल्या वर्षाची पोरं चॅटबॉटवरून जर्नल (वर्कशॉपमधल्या कामाची वही) उतरवून आणतात, तर एआयवर बंदी घालावी का. बावीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक आहे, त्यावरून सांगतो: बंदी वर्कशॉपच्या दारापर्यंतच टिकते. त्यापेक्षा जर्नलच बदला.

मागच्या वर्षी एकाला टॅपने, म्हणजे भोकाच्या आत आटे पाडायच्या टूलने, 10 मिलिमीटरचे आटे पाडायचे होते. त्याने मोबाईलला विचारलं, "एम 10 च्या टॅपला ड्रिल किती?" उत्तर आलं 8.5 मिलिमीटर. पोराने भोक पाडलं, टॅप फिरवायला घेतला, दोन-तीन आट्यांनंतर जाम. जोर लावला, टॅप आतच मोडला. तो काढताना काय हाल होतात ते तुम्हाला सांगायला नको. वर म्हणतो, "सर, एआयने चुकीचं सांगितलं." वास्तविक एम 10 चा नेहमीचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.5, 10 मधून तो वजा केला की 8.5 च येतात. याच्या हातात मात्र बारीक आट्यांचा, 1.25 पिचचा टॅप होता. त्याला 8.75 लागतं, पेटीतला 8.8 चा ड्रिल चालतो. पिच टॅपच्या दांड्यावर कोरलेला होता. मोबाईलला तो दिसणार कसा? आणि पोराने बघितलाच नव्हता.

तेव्हापासून मोबाईलला विचारायच्या आधी हातातल्या टूलवर काय लिहिलंय ते मला मोठ्याने वाचून दाखवावं लागतं.

जर्नलमधली थिअरी कुठूनही आणू देत. खाली मात्र स्वतःच्या जॉबची, म्हणजे घडवलेल्या तुकड्याची, मापं हवीत: तीन ठिकाणी व्हर्नियर लावून घेतलेली रीडिंग, ड्रॉइंगपेक्षा फरक किती, कानस कुठल्या बाजूला जास्त बसली. 0.02 लीस्ट काउंटचा व्हर्नियर 0.02 च्या टप्प्यांनीच माप दाखवतो; त्यावर कोणी 49.87 लिहिलं, तर त्याने जॉब मापलाच नाही हे लगेच कळतं.

एआयचा खरा उपयोग मला वर्कशॉप कॅल्क्युलेशनला झाला. अपूर्णांकात अडलेलं पोरगं चारचौघांत हात वर करत नाही, मोबाईलला मात्र तेच मराठीत पाच वेळा विचारतं. फक्त टूलची नावं इंग्रजीच ठेवायला सांगा. माझ्याकडे एकदा टॅपचा नळ झाला होता आणि लेथच्या डेड सेंटरचं मृत केंद्र. (बास्टर्ड फाईल नावाच्या कानशीचं काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

परीक्षेची थिअरी बहुपर्यायी असते, म्हणून सरावाचे प्रश्नही एआयकडून काढून घेतो. निमीच्या (आयटीआयची पुस्तकं काढणारी सरकारी संस्था) पुस्तकातला धडा देऊन "यातलेच विचार" असं बजावावं लागतं. तरी प्रश्न वाटण्याआधी स्वतः सोडवा. एकदा घाईत तसेच वाटले, तर एका प्रश्नाचे दोन पर्याय बरोबर निघाले. ते मागच्या बाकावरच्या पोरीने पकडलं. आता प्रश्न तपासायचं काम तिच्याकडेच आहे.