पोवळं, पवळं की प्रवाळ?

प्रश्न असा आलाय: मालवणला स्नॉर्केलिंगला गेलो, खाली प्रवाळ बघितलं, बोटीवर परत आल्यावर मुलीनं विचारलं की आपल्या पणजीच्या माळेतली लाल पोवळी इथूनच काढलेली का? तर पोवळं आणि प्रवाळ हा एकच शब्द आहे का, आणि पवळं बरोबर की पोवळं?

शब्द एकच. मूळ संस्कृत प्रवाल. प्राकृतात प्र चा प झाला, पवाल. मराठीत दोन स्वरांच्या मधल्या ल चा ळ होतो, मधला आ आखडला, शेवटी आपला नपुंसकलिंगी एं लागला, झालं पवळें. मग पुढच्या व मुळे आधीचा अ गोल होऊन ओ झाला, जसं जुन्या मराठीत नवरीचं नोवरी सापडतं तसंच. म्हणजे पवळं चूक नाहीच, ते आधीचं ठाणं आहे, पण आज लिहायचं तर पोवळं लिहा. एक पोवळं, दोन पोवळी, पोवळ्याची माळ. आमची आजी पोवळां म्हणायची, शेवटच्या आं ला नाकात छान सूर लावून, तिकडे गोव्यात गेलात की पोंवळें.

आता गंमत. प्रवाल या शब्दाचा संस्कृतात दुसरा अर्थ आहे कोवळी पालवी, अंकुर. शहरातल्या माणसाला वाटतं पालवी हिरवी, मग लाल रत्नाशी तिचा काय संबंध? पण आपल्याकडे ज्याच्या परसात आंबा आहे त्याला हे समजवायला लागत नाही. आंब्याला नवी पालवी फुटते ती हिरवी नसतेच, तांबूस, तुकतुकीत, ओली असल्यासारखी आणि इतकी मऊ की बोटात धरली तर लोंबते, हिरवी नंतर होते. तो रंग आणि पोवळ्याचा रंग शेजारी ठेवून बघा एकदा. कालिदासानं तर कुमारसंभवात एकाच ओळीत दोन्ही आणलेत, 'पुष्पं प्रवालोपहितं यदि स्यान्मुक्ताफलं वा स्फुटविद्रुमस्थम्', म्हणजे फूल पालवीवर ठेवलं किंवा मोती लख्ख पोवळ्यावर ठेवला तर पार्वतीच्या लाल ओठांवरच्या हसण्याची बरोबरी होईल. बघा, इथे प्रवाल ही पालवी आहे आणि पोवळ्याला त्यानं वेगळा शब्द वापरलाय, विद्रुम. त्यातही द्रुम म्हणजे झाडच! फांद्या फुटलेलं दिसतं म्हणून जगभर लोक पोवळ्याला झाडच समजत होते, तो प्राणी आहे हे युरोपातल्या विद्वानांनासुद्धा 18व्या शतकात कोणीतरी सांगितलं तर पटेना.

(कोवळं आणि पोवळं हे यमक जुळतं, अर्थसुद्धा चिकटतो, म्हणून कोणी नातं जोडायला जाईल, पण नाही. कोवळं आलं कोमल वरून.)

मग एकाच शब्दाची दोन रूपं मराठीत टिकली कशी? तर पोवळं घरात, सोनाराकडे, बायकांच्या तोंडी राहिलं आणि प्रवाळ पोथीत, वैद्याकडे आणि आता शाळेच्या पुस्तकात. दागिन्यात पोवळं, समुद्रात प्रवाळ, अशी वाटणी आपोआप झालीय. प्रवाळाची माळ म्हटलं की जरा नाटकातलं वाटतं आणि पोवळ्याचं बेट कोणी म्हणत नाही. वाटणीला भोक एकच, प्रवाळपिष्टी आणि प्रवाळभस्म, तिथे वस्तू तीच लाल पण आयुर्वेद संस्कृतातनं आला म्हणून प्रवाळ. आणि टीव्हीवरच्या ज्योतिषांमुळे हल्ली मंगळाचं पोवळं जाऊन मूंगा आलाय, तो मला अजिबात आवडत नाही, आपल्याकडे धडधाकट शब्द असताना कशाला. मालवणच्या बोटवाल्याकडे तर यातलं काहीच नाही, तो म्हणतो 'कोरलाक हात लावू नकात हां!'

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र नाही असंच आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास दिसतं ते प्रवाळ तपकिरी, हिरवट, छिद्राछिद्रांचं, त्याचे मणी होत नाहीत. माळेतलं लाल पोवळं ही वेगळी जात, ती मुख्यतः भूमध्य समुद्रातली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पोवळ्याचा एक प्रकार 'आलकंदक' म्हणून दिलाय, म्हणजे इजिप्तच्या अलेक्झांड्रियाहून येणारं असं बहुतेक अभ्यासक मानतात. रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलंय की रोममध्ये हिंदुस्थानी मोत्यांना जेवढा मान तेवढा हिंदुस्थानात पोवळ्यांना. पुढे 18व्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी गोव्याला पोवळी पाठवायचे आणि बदल्यात हिरे न्यायचे. म्हणजे पणजीची माळ कोकणातली, शब्द आपला, पण वस्तू बहुतेक बोटीनं आलेली!

आमच्याकडे आजीच्या काळ्या पोतीत मधे दोन पोवळी होती. एका गणपतीला मावशीनं तांब्याची भांडी घासायला चिंचेचं पाणी केलेलं, त्यातच ती पोत टाकली, सोन्याचे मणी उजळतील म्हणून. उजळले ते, पण तासाभरानं बाहेर काढली तर पोवळ्यांची सगळी चकाकी गेलेली, खडूसारखी पांढुरकी आणि हाताला खरखरीत. पोवळं म्हणजे शेवटी कॅल्शियम कार्बोनेट, तिसऱ्याची शिंपी ज्याची तेच, त्यामुळे आंबट लागलं की विरघळणारच. काठिण्य 10 पैकी जेमतेम 3 ते 4, माणकाचं 9, म्हणजे हिऱ्यामाणकांच्या पंगतीला बसवलेलं असलं तरी जीव नाजूक. खरं-खोटं बघायला लिंबाचा थेंब टाकतात, खरं असेल तर बारीक फेस येतो, पण परीक्षेतच मणी खराब होतो तेव्हा करू नका. आजी मावशीला काही बोलली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी पोत फडक्यानं पुसताना म्हणाली, 'समुद्रातला जिन्नस गो, तेका चिंच कित्याक?'

आणि हो, मुलीला सांगा की तिथला तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकायचा नाही, ते प्रवाळ वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. मालवणच्या समुद्राचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे.