काठमांडूत जात विचारतात का?

ताई, तुम्ही ऑफिसच्या बदलीवर सहकुटुंब काठमांडूला येताय आणि विचारलंय, तिथे जातपात पाळतात का, घर मिळायला अडचण येते का. मी काठमांडूला लागूनच्या पाटणला राहते, माहेर सांगलीचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विचारतात, पण आडून. ओळख झाली की ‘घर कहाँ हो?’ आणि लगेच ‘थर के हो?’, म्हणजे आडनाव. तेवढ्यावर समोरच्याचा हिशेब पुरा होतो. आपलं गणित मात्र इथे चालत नाही. जोशी नेवारांतही (काठमांडू खोऱ्यातले मूळ रहिवासी) सापडतात आणि पहाडी बाहुनांतही, म्हणजे ब्राह्मणांतही. नेवार ही एक जात नाहीच. वज्राचार्य, शाक्य, श्रेष्ठ, महर्जन अशी त्यांची स्वतंत्र उतरंड आहे. जुन्या नेवारी घरात स्वयंपाकघर आणि देव सगळ्यात वरच्या मजल्यावर असतात, म्हणजे परका माणूस आपोआप खालीच अडतो. 2021च्या जनगणनेत 142 जाती-जनजाती नोंदल्यात. बाहुन-छेत्री (ब्राह्मण-क्षत्रिय) मिळून जेमतेम 28 टक्के, पण सरकारी खुर्च्यांवरची आडनावं वाचा, मग कळेल.

1854च्या मुलुकी ऐनात, म्हणजे देशाच्या कायदेसंहितेत, तेव्हाचा पंतप्रधान जंगबहादूर राणाने सगळ्या देशाची प्रतवारी कायद्यातच लिहून टाकली होती. गोरे साहेबही त्यात ‘पाणी न चालणारे’, म्हणजे ज्यांच्या हातचं पाणी प्यायचं नाही असे! अस्पृश्यता 1963मध्ये कायद्यातून गेली, 2011मध्ये ती पाळणाऱ्याला शिक्षेचा वेगळा कायदा आला. तरी 2021मध्ये काठमांडूत एका दलित तरुणीला जात कळल्यावर खोली नाकारली. घरमालकीणबाईंना अटक झाली आणि काही दिवसांत त्या सुटल्याही.

तुमचं आडनाव इथे फारसं कुणाला कळणार नाही. चेहरा आणि हिंदी ऐकून बरेच जण तुम्हाला मधेसी, म्हणजे दक्षिणेच्या तराईतले, भारताच्या सीमेलगतच्या सपाट भागातले, समजतील, आणि मधेसींना इथे जी तुच्छ वागणूक मिळते तिचा थोडा वाटा तुम्हालाही येईल. भाजीवाल्याने एकेरीत बोलावं, असं. त्यात 2015मध्ये भारताच्या सीमेवर झालेल्या नाकाबंदीत गॅसविना चुली पेटवाव्या लागल्याचा राग भारतीयांवर अजून आहे. मोडकं का होईना, नेपाळी बोला. ‘दाइ’ (दादा), ‘दिदी’ (ताई), ‘तपाईं’ (आपण)ने निम्मं काम होतं.

घर बघायला नेपाळी सहकारी सोबत असलेला बरा. फक्त तो परियार किंवा बि.क. (विश्वकर्मा), म्हणजे दलित आडनावाचा असेल, तर मालकाशी फोनवर बोलायचं त्याच्या गळ्यात घालू नका. ते तुम्हीच करा.