सकाळी हातातून कप उडतो, तेही डॉक्टरांना सांग

तुझी पोस्ट दोनदा वाचली. चौदाव्या वर्षापासून फिट्सच्या गोळ्या, आता अठरा पूर्ण झाली म्हणून लहान मुलांच्या डॉक्टरांनी 'यापुढे मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा' असं सांगितलंय, दोन वर्षांत फिट आलेली नाही, तर गोळ्या बंद करू का, हा तुझा प्रश्न. मी मात्र मधल्याच एका ओळीवर अडकले: 'सकाळी चहा सांडतो, आई वेंधळी म्हणते.' बडोद्यात दांडिया बाजारच्या आमच्या घरात ही पदवी माझ्याकडे होती. कपबश्यांचा एक अख्खा सेट मी संपवलाय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. तुला नेमकं काय आहे ते इथून मला कळणार नाही. पण माझ्या आजाराचं नाव जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. त्यात उठल्या उठल्या खांदे, हात झटकतात, शुद्ध जात नाही, म्हणून कुणी त्याला फिट म्हणत नाही. ती फिटच असते. तुझंही तसंच निघालं, तर 'दोन वर्षं काही नाही' हा हिशेबच चुकतो. शिवाय या प्रकारात गोळ्या थांबवल्यावर बऱ्याच जणांना फिट्स परत येतात. तेव्हा स्वतःच्या मनाने एकही गोळी कमी करू नकोस. फिट आली की कांदा, चप्पल हुंगवणं, तोंडात चमचा घालणं या चुकीच्या उपायांवर लिहीत बसत नाही, ते तुला माहीत असेलच.

आता माझी चूक. एकोणिसाव्या वर्षी मी मोठ्या ऐटीत एकटी नव्या डॉक्टरांकडे गेले. तोपर्यंत दवाखान्यात सगळं आई बोलायची, मी शेजारी बसून पंख्याकडे बघायचे. हात झटकतात हे तिने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं आणि ते जुन्या फाईलमध्ये लिहिलेलं होतं. माझ्या लेखी तो वेंधळेपणा, मी कशाला सांगते? फाईल आणायला जुन्या ठिकाणी गेले, तर खिडकीतले भाई मान वर न करता म्हणाले, "बेन, जूनी फाइल नहीं मळे." तीन चकरा मारल्या. एकदा जेवणाची सुट्टी, एकदा साहेब रजेवर, तिसऱ्यांदा अर्जच चुकीच्या कागदावर. ईईजीचा, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीचा, कागद शेवटपर्यंत मिळाला नाही.

नव्या डॉक्टरांनी माझ्या अर्धवट माहितीवर कार्बामाझेपिन हे फिट्सचं औषध लिहून दिलं. पुष्कळ लोकांना ते उत्तम चालतं, पण या प्रकारात झटके वाढू शकतात. माझे वाढले. आठ महिने डोस वाढतोय, झटकेही वाढतायत, आणि टीवायच्या पेपराला पेन हातात टिकेना. वर्ष गेलं. शेवटी आई बरोबर आली, म्हणाली, "अहो, हिचे हात तर लहानपणापासून उडतात." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गोळी बदलली, दीड महिन्यात कप हातात राहायला लागला.

त्या खिडकीवरचा राग अजून गेलेला नाही. मला तेव्हा माहीत नव्हतं की 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत, रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावेत असं लिहिलंय. भरती रुग्णांचे कागद सांभाळायची मुदत मात्र तीनच वर्षं आहे. म्हणून जुन्या डॉक्टरांकडे तुझी ये-जा आहे तोवरच सगळं मागून घे: ईईजी, एमआरआय, कोणती गोळी कधी का बदलली. लेखी अर्ज दे, पोच घे, सगळ्याचे फोटो काढ.

मुलगी आहेस म्हणून आणखी एक. गोळी व्हॅल्प्रोएट असेल, तर त्याचा गर्भावर वाईट परिणाम होऊ शकतो. 'लग्न ठरेल तेव्हा बघू' म्हणणाऱ्या काकूंचं ऐकू नकोस, आत्ताच विचार. आणि लग्नावरून घाबरवत असतील तर सांग की 1999 सालीच हिंदू विवाह कायद्याच्या अटींतून अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजार, हा शब्द काढून टाकलाय. लपवून लग्न करावं असं मी म्हणत नाहीये हं. अ‍ॅक्टिव्हाचं विचारलंस, तर लायसन्सच्या फॉर्म 1 मध्ये फिट्सचा थेट प्रश्न आहे. खोटं लिहू नकोस. बडोद्यात गाडीशिवाय किती अडतं ते मला ठाऊक आहे, तरीही.

नवरात्र जवळ आली आहे. गरबा बाराला संपतो, पण मग शेव उसळ, गप्पा, घरी यायला तीन, आणि सकाळी आठचं लेक्चर. माझी सगळ्यात मोठी फिट अशाच सहाव्या रात्रीनंतरची. गरबा सोडू नकोस, मीही सोडला नाही, पण एक दिवस आड जा आणि दुसऱ्या दिवशी पोटभर झोप. आमच्या या आजारात झोप हे अर्धं औषध आहे.

नव्या डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभर सकाळी चहाच्या वेळी फोन समोर टेकवून व्हिडिओ चालू ठेव. एखादा झटका त्यात सापडला, तर डॉक्टरांच्या आधी आईला दाखव.