पारा आणि ॲल्युमिनियम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी वास्कोचा, सध्या ओमानला गॅस प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे. वायूत पारा अगदी किंचित, आणि प्लांट चालू असताना कोल्ड बॉक्सला (वायू अतिथंड करणाऱ्या ॲल्युमिनियमच्या एक्स्चेंजरची पेटी) काहीच होत नाही. मग शटडाऊनलाच (प्लांट बंद करताना) पाऱ्यामुळे एवढी धावपळ का?

उत्तर: ‘किंचित’चा हिशेब आधी करा. घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅम पारा धरला, तर रोज १ कोटी घनमीटर वायूबरोबर १०० ग्रॅम पारा आत येतो. उणे ३९ अंशांखाली तो गोठून एक्स्चेंजरमध्ये (एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणारं यंत्र) साचतो. गोठलेला असेपर्यंत फारसा उपद्रव नाही. प्लांट गरम होऊ लागला की तो वितळतो आणि खाली नोझल-हेडरपाशी (वायू आत-बाहेर नेणाऱ्या तोंडांपाशी) ओघळतो. वेल्ड आणि ताण नेमके तिथेच असतात. ऑक्साइडचा थर जिथे तडकलेला असेल तिथून पारा धातूच्या कणांमधल्या सीमांत शिरतो आणि फट एकदम धावते. ५०८३सारखे मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियमचे मिश्रधातू याला लवकर बळी पडतात. पत्रा पातळ होत नसल्यामुळे जाडी मोजून काहीच कळत नाही. अल्जीरियातल्या स्किक्दाच्या गॅस प्लांटमध्ये १९७३ साली पाऱ्यानेच एक्स्चेंजर निकामी केला. १ जानेवारी २००४ रोजी ऑस्ट्रेलियात मूम्बाच्या गॅस प्लांटमध्ये झालेल्या स्फोटाचं मूळही हेच.

दुसरं दुखणं ओलाव्याचं. पारा आणि पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियमवर पांढरा कापशी भुगा उगवतो. यात पारा खर्च होत नाही, तोच पुढे खात राहतो. म्हणून आधी द्रव काढून घ्या. मग निर्मात्याने दिलेल्या मर्यादेतच, कोरड्या वायूने सावकाश तापमान वाढवा. नंतर कोरडा नायट्रोजन भरून थोडा दाब कायम ठेवा. पाण्याने प्रेशर टेस्ट नको. उघडण्याआधी ड्रेनपाशी पाऱ्याची वाफ मोजा आणि पाऱ्यासाठीचंच कार्ट्रिज असलेला मास्क लावा. जोडलेल्या स्टीलच्या पाइपांवर वेल्डिंग करतानाही तो काढू नका. स्टीलने धरून ठेवलेला पारा उष्णतेने सुटतो.

प्रश्न: वायूतला पारा काढायचा बेड (पारा धरणाऱ्या दाण्यांचा थर) ड्रायरच्या (वायू सुकवणाऱ्या यंत्राच्या) आधी की नंतर? (विद्यार्थी, फर्मागुडी)

उत्तर: आत काय भरलंय त्यावर ठरतं. गंधक चढवलेला कोळसा असेल तर नंतरच. पाण्याने त्याची छिद्रं बुजतात आणि कंडेन्सेटमध्ये (वायूतून वेगळ्या होणाऱ्या द्रव तेलात) गंधक विरघळून जातं. ॲल्युमिनावरचं कॉपर सल्फाइड ओल्या वायूतही चालतं, फक्त आधीच्या सेपरेटरमधून द्रव पुढे येता कामा नये. आमचा कौल आधीच्या जागेला. नाहीतर ड्रायरच्या मॉलिक्युलर सीव्हमध्ये (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत) पारा अडकतो आणि रीजनरेशनच्या, म्हणजे ते दाणे पुन्हा सुकवण्याच्या, गरम वायूबरोबर भलतीकडेच जातो. बेडनंतर धूळ अडवणारा फिल्टर हवाच.

बाहेर पडणाऱ्या वायूत घनमीटरमागे ०.०१ मायक्रोग्रॅमहून कमी पारा राहावा, हा नेहमीचा दंडक. मोजमाप सोन्याच्या ट्रॅपवर (सोनं वायूतला पारा धरून ठेवतं). सॅम्पल लाइन साध्या स्टीलची असेल तर तीच पारा गिळते आणि आकडा खोटा छान येतो! वापरलेला माल घातक कचरा म्हणूनच द्यावा.

प्रश्न: थर्मामीटर फुटून पारा ॲल्युमिनियमच्या टोपात पडला. टोप वापरू का? (म्हापसा)

उत्तर: अजिबात नको, आणि गॅसवर तर ठेवूच नका. खिडक्या उघडा. झाडू किंवा व्हॅक्यूम न लावता पाऱ्याचे थेंब जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरा. टोप पिशवीत बंद करून घातक कचऱ्यात द्या, भंगारवाल्याला नाही.