रताळ्याला वेलच दांडगा येतो, खाली काही पोसत नाही: सेंद्रिय खत कोणतं आणि किती घालावं?

तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. दहा गुंठे मध्यम काळं रान, सोयाबीन निघाल्यावर दोन ट्रॉल्या शेणखत, वर पाच पोती निंबोळी पेंड आणि पाण्यासोबत गोबरगॅसची स्लरी. वेल गुडघाभर, पानं काळीभोर, आणि खणल्यावर हाताला बोटाएवढ्या मुळ्या. एवढं सांगून तुम्ही विचारलंय की यंदा महाशिवरात्रीच्या मालासाठी आणखी कोणतं सेंद्रिय खत टाकू. मी कराडकडचा, रताळं आमच्या घरचं पीक आहे. माझं म्हणणं, नवं काही टाकू नका. आहे त्यातलंच निम्म्याहून जास्त कमी करा.

हिशेब करून बघा. केरळातल्या श्रीकार्यमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेची रताळ्यासाठी जुनी शिफारस आहे: हेक्टरी ५ टन शेणखत, आणि ५० किलो नत्र (नायट्रोजन), २५ किलो स्फुरद (फॉस्फरस), ५० किलो पालाश (पोटॅश). दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग, म्हणजे तुमच्या तुकड्याला नत्र लागतं ५ किलो. आता शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का धरतात. दोन ट्रॉल्या मिळून चार टन धरल्या तरी २० किलो नत्र झालं. त्यातला तिसरा हिस्साच पहिल्या पिकाला मिळतो असं मानलं तरी गरजेपेक्षा जास्त भरलं. निंबोळी पेंडीत नत्र पाच टक्क्यांच्या आसपास असतं, ५० किलोची पाच पोती म्हणजे आणखी १२ किलो. स्लरी वेगळी. सोयाबीनच्या मुळ्या आणि गळलेला पाला वेगळा. सेंद्रिय आहे म्हणून नत्राचा गुण बदलत नाही. रताळ्याला ते जास्त झालं की पीक वेलावर जातं.

आत काय होतं ते सांगतो, म्हणजे खत कधी द्यायचं हेही कळेल. लागणीनंतर पहिल्या महिना-दीड महिन्यात वेलाच्या मुळ्यांपैकी काही मुळ्या फुगायला लागतात, त्यांचीच पुढे रताळी होतात. त्या काळात रान घट्ट असलं, पाणी साचून राहिलं किंवा नत्राचा मारा झाला, तर त्या मुळ्या फुगायच्या ऐवजी आतून लाकडासारख्या चिवट होतात. नंतर काहीही ओता, त्या पोसत नाहीत. म्हणून रताळ्याला जे काही द्यायचं ते लागणीच्या आधी वरंब्याच्या पोटात गेलं पाहिजे. दोन महिन्यांच्या वेलाला स्लरी पाजणं म्हणजे जनावरांसाठी वैरण करणं. ती वैरण चांगली असते हे खरं, पण तुम्हाला रताळी हवी आहेत.

तर शेणखत. दहा गुंठ्यांना अर्धा ते एक टन, म्हणजे एक-दोन बैलगाड्या, बस. पण ते पूर्ण कुजलेलं हवं. उकिरड्यात कोपरापर्यंत हात घातला तर आत ऊब लागता कामा नये, काडी-कचरा ओळखू येता कामा नये, आणि मुठीत चुरलं तर चहापत्तीसारखं सुटलं पाहिजे. शेणा-मुताचा वास येत असेल तर ते खत रताळ्याला नको, उसाला किंवा मक्याला घाला. कच्च्या खतावर हुमणीचे भुंगे अंडी घालतात आणि ती अळी रताळं कुरतडते. (उकिरड्यात अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या की लोक लगेच हुमणी म्हणतात. त्यातल्या बऱ्याच गेंड्या भुंग्याच्या असतात, त्यांचा राग नारळावर. तरीही खत पसरताना त्या वेचून कोंबड्यांना टाकाव्यात.) खत सगळ्या रानावर उधळू नका. सरी पाडायच्या आधी जिथे वरंबा येणार त्या पट्ट्यात टाका आणि वरून माती ओढा.

रानात मेंढ्या बसवल्या असतील तर शेणखतही नको, लेंड्या-मूत पुरेसं होतं. कोंबडीखताच्या वाटेला तर जाऊच नका. ते उष्ण, नत्राला जहाल, आणि तुमची तक्रार जी आहे तीच ते वाढवेल. निंबोळी पेंड खत म्हणून टाकायची नाही. हुमणीचा किंवा सूत्रकृमीचा (मुळांना लागणारे बारीक कृमी) पूर्वानुभव असेल तर दहा गुंठ्यांना एक पोतं वरंब्यात मिसळा, नसेल तर पैसे वाचवा.

आता पालाश. रताळं पोसायला पालाश लागतं, हे सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते खरंच आहे. त्यावरून लोक राख ओततात, केळीचे खुंट आणतात, ‘सेंद्रिय पोटॅश’ची पोती विकत घेतात. पण दख्खनच्या काळ्या जमिनीत पालाश मुळातच बरं असतं. शंभर जणांचं ऐकण्यापेक्षा माती परीक्षण करून घ्या आणि अहवालात सामू (pH), सेंद्रिय कर्ब आणि उपलब्ध पालाश हे तीन आकडे बघा. रताळ्याला सामू साडेपाच ते साडेसहा आवडतो. आपल्याकडे काळ्या रानाचा तो बहुतेक वेळा साडेसातच्या वरच निघतो. अशा रानात राख म्हणजे आणखी क्षार. चुलीची दहा-वीस किलो राख वरंब्यात गेली तर बिघडत नाही, पण पोत्यांनी नको. गुऱ्हाळाची राख फुकट मिळते म्हणून मोह होतो, पण ती चिपाडाची, तिच्यात सिलिका जास्त. लाकडाच्या राखेएवढं पालाश तिच्यात नसतं. अहवालात पालाश खरंच कमी आलं तर केळीच्या खुंटांचे तुकडे शेणखतासोबत आधीच कुजवून घ्या.

चुन्याचंही तसंच. अमेरिकेतले व्हिडिओ बघून चुना, डोलोमाइट टाकायचा विचार असेल तर सोडून द्या. तिकडे नॉर्थ कॅरोलायनाच्या आम्लधर्मी वाळूत रताळी होतात, आपलं रान आधीच चुनखडीचं. हाडांचा चुराही अशा रानात जागच्या जागी पडून राहतो. त्यापेक्षा बेणं लावताना ॲझोस्पिरिलम (नत्र धरणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू यांच्या पाण्यात वेलाचे तुकडे पाच-दहा मिनिटं बुडवा. खर्च किरकोळ आहे.

कोकणातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी वरचा राखेचा भाग उलटा करून घ्यावा. तिथली जांभी माती आम्लधर्मी, पावसानं पालाश धुऊन नेलेलं. तिथे चुलीची राख रताळ्याला खरोखर मानवते. दापोलीच्या विद्यापीठाची ‘कोकण अश्विनी’ ही जात तिकडच्यासाठीच आहे.

तुमची खरी अडचण मला खतापेक्षा घट्ट मातीची वाटते. काळं रान भिजलं की चिकट, वाळलं की भेगा. त्यात रताळं वाकडं होतं, आणि भेगांतून सोंड्या भुंगा थेट रताळ्यापर्यंत उतरतो. खणल्यावर भोकं पडलेली, कडवट वासाची रताळी निघतात ती त्याचीच. नदीची वाळू आणून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. थोड्या वाळूनं काळी माती भुसभुशीत होत नाही, आणि भरपूर टाकायची ऐपत कुणाची नाही. त्यापेक्षा भाताचं तूस किंवा चांगली कुजलेली साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) वरंब्यात मिसळा. मळी ताजी नको, ती तापते. तिच्यातही खतमूल्य असतं, तेव्हा मळी टाकली तर शेणखत तेवढं कमी करा. सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे ताग. यंदा वेळ नाही, पण पुढच्या वर्षी पावसाळ्यात एखादा तुकडा सोयाबीनऐवजी तागाला द्या, फुलावर आला की गाडा, आणि किमान तीन-चार आठवडे कुजू द्या. उसाचं पाचट मात्र लागणीच्या तोंडावर मातीत गाडू नका. ते सरीत अंथरा, ओल टिकते आणि भेगा कमी पडतात.

वरंबे फूटभर उंच करा, वाफशावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना. ओल्या रानात रोटर मारला तर वरून भुगा दिसतो आणि खाली ढेकूळ दाबून बसतं. महिन्याभरानं खुरपणी करून भर लावा, म्हणजे वरंब्याला माती चढवा, उघडी पडलेली मुळं झाका. वेल सरीत पसरून पेरा-पेराला मुळ्या धरायला लागले की उचलून परत वरंब्यावर टाका, नाहीतर जागोजागी पिचक्या मुळ्या धरतात आणि मुख्य रताळ्याचं अन्न वाटलं जातं. एवढं करून वेल दांडगाच दिसला तर पाणी लांबवा. खत अजिबात देऊ नका. जीवामृत (शेण, गोमूत्र, गुळाचं आंबवलेलं पाणी) द्यायचंच असेल तर भर लावताना एकदा द्या. त्याचा त्रास नाही, पण चमत्काराची अपेक्षाही धरू नका.

महाशिवरात्रीसाठी लागण ऑक्टोबरमध्येच उरकलेली बरी, थंडीत पोसायला वेळ लागतो. काढणीआधी एखादं रताळं उकरून मधोमध कापा. चीक वाळून काप पांढरा राहिला तर माल तयार. काप हिरवट-काळा पडला तर आठ-दहा दिवस थांबा, व्यापारी कितीही घाई करू दे.