वाचकांचे प्रश्न : दुर्गाबाई खोटे, पडदा आणि रंगभूमी

प्रश्न : दुर्गा खोटे या चित्रपटात काम करणाऱ्या पहिल्या महाराष्ट्रीय स्त्री होत, असे एका लेखात वाचले. हे खरे आहे काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : खरे नाही. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) या दोघींनी भूमिका केल्या होत्या, आणि ललिता पवारही मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होत्या. दुर्गाबाई खोटे यांचे वेगळेपण ध्यानात यायला एकच तुलना पुरेशी आहे. १९१३ सालीच प्रदर्शित झालेल्या फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती व्हायला एकही स्त्री तयार होईना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवावी लागली. १९३२ साली ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेने तीच कथा ‘अयोध्येचा राजा’ या नावाने बोलपटात आणली, तेव्हा तारामती झाली ती मुंबईच्या सुखवस्तू लाड कुटुंबातली, कॅथेड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेली तरुणी. मधे फक्त एकोणीस वर्षे गेली होती.

मात्र हे पाऊल त्यांनी समाजसुधारणेच्या हेतूने उचलले, असे चित्र रंगवण्याची आपल्याकडे जी रीत पडली आहे, ती मला पटत नाही. सासरची सांपत्तिक स्थिती ढासळलेली होती, पदरी दोन मुलगे होते आणि पोटापाण्याची सोय करणे भाग होते. त्यांचा पहिला चित्रपट म्हणजे मोहन भवनानी यांचा ‘फरेबी जाल’ (१९३१). त्यातली त्यांची भूमिका अगदी छोटी होती आणि चित्रपटही सामान्य होता, पण ‘चांगल्या घरातली मुलगी सिनेमात’ म्हणून टीकेची झोड उठली ती त्यांच्यावरच. त्यानंतर पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभे राहायला जे धैर्य लागले, ते गरजेतून आलेले होते. म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

प्रश्न : ‘अयोध्येचा राजा’मधील गाणी त्यांनी स्वतः गायली होती का? त्या गायिका होत्या का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गाणी त्यांचीच आहेत. पार्श्वगायनाची पद्धत आपल्याकडे १९३५च्या सुमारास सुरू झाली. तोवर ज्याची भूमिका त्याचेच गाणे, आणि तेही चित्रण चालू असतानाच. वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसत, आणि नटाने अभिनय, सूर आणि मायक्रोफोनपासूनचे अंतर ही तिन्ही व्यवधाने एकदम सांभाळायची असत. त्यातून हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघत होता. म्हणजे तोच प्रसंग, तोच शोक, एकदा मराठीत आणि पुन्हा हिंदीत. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे यांच्यासारखा संगीतातला जाणकार समोर असताना दुर्गाबाईंचे गाणे त्यांच्या तोडीचे वाटत नाही, हे मान्य केले पाहिजे. बाळाला निजवतानाच्या गाण्यात मात्र त्या ताना-हरकतींच्या वाटेला न जाता शब्द सरळ आणि स्वच्छ उच्चारतात, आणि ती आई आजही खोटी वाटत नाही.

प्रश्न : त्या काळातील कलावंत एकाच कंपनीचे पगारी नोकर असत. मग दुर्गाबाई इतक्या वेगवेगळ्या संस्थांच्या चित्रपटांत कशा दिसतात?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि त्यांच्यावरील लेखांत याला बहुधा दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. मासिक वेतनावर एका स्टुडिओशी बांधून घेणे हा त्या काळचा शिरस्ता होता. दुर्गाबाईंनी ‘प्रभात’मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘माया मच्छिंद्र’ केले. त्यानंतर त्या थेट कलकत्त्याला गेल्या आणि तेथे देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली न्यू थिएटर्ससाठी ‘राजरानी मीरा’ (१९३३), तर ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी ‘सीता’ (१९३४) केला. ‘सीता’ व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. तेथून त्या पुन्हा ‘प्रभात’कडे आल्या, ते ‘अमर ज्योती’साठी (१९३६). मधल्या काळात ‘प्रभात’ने कोल्हापूर सोडून पुण्यात बस्तान बसवले होते. जमेल तेथे, पटेल त्या अटींवर आणि एकेका चित्रपटापुरते काम करण्याची ही पद्धत पुढे सर्वांच्याच अंगवळणी पडली, परंतु ती रुळवणाऱ्या पहिल्या मोजक्या कलावंतांत त्यांचे नाव घ्यावे लागते.

‘अमर ज्योती’मधील सौदामिनी ही अन्यायाने पेटून समुद्रावर चाचेगिरी करणारी स्त्री आहे. सोशिक तारामतीनंतर अवघ्या चार वर्षांनी तीच अभिनेत्री गलबतावर उभी राहून हुकूम सोडते, तेव्हा ताठ मान, स्थिर नजर आणि किंचित खालच्या पट्टीतला आवाज यांचा जो उपयोग तिने केला आहे, तो मला तिच्या पुढच्या कित्येक गौरवलेल्या भूमिकांहून सरस वाटतो. १९४३ सालच्या ‘पृथ्वी वल्लभ’मध्ये सोहराब मोदींसमोर मृणालवती उभी करताना त्यांना याच गुणांचा आधार मिळाला.

प्रश्न : रंगभूमीवरील त्यांच्या कामाविषयी फारसे वाचायला मिळत नाही. काही सांगाल का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : बहुतेक नटनट्या रंगभूमीवरून चित्रपटात गेल्या; दुर्गाबाईंचा प्रवास उलट झाला. चित्रपटात नाव झाल्यावर त्या नाटकाकडे वळल्या, आणि मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने जी नाट्यचळवळ उभारली, तिच्या त्या एक आधारस्तंभ झाल्या. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तील त्यांची आनंदीबाई आणि त्यांच्यासमोर नानासाहेब फाटक यांचा राघोबा ही जोडी जाणकारांच्या आठवणीत राहिली. पूर्वी पुरुष नटांनी गाजवलेली ही भूमिका आहे. आनंदीबाई केवळ कपटी दाखवली की नाटक सोपे होते, पण पडते. राघोबाचा दुबळेपणा जिला कळतो आणि त्याच दुबळेपणावर जिची महत्त्वाकांक्षा उभी आहे, अशी बाई दाखवायची तर नटीजवळ बुद्धी हवी, आणि ती दुर्गाबाईंजवळ होती.

वि. वा. शिरवाडकर यांनी शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’मध्येही याच जोडीने कामे केली. नवऱ्याला खुनाकडे ढकलणारी आणि मग स्वतःच खचत जाणारी राणी ही आनंदीबाईची दूरची बहीणच म्हणावी लागेल. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. रंगभूमीचे दुर्दैव असे की, या भूमिकांची आज आपल्याजवळ वर्णनेच आहेत.

प्रश्न : पुढे त्या आईच्या भूमिकांत अडकल्या असे वाटत नाही का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काही अंशी वाटते. ‘बिदाई’साठी (१९७४) त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, ‘बॉबी’तील मिसेस ब्रॅगांझा घरोघर पोहोचली, तरी त्यांच्या आवाक्याच्या मानाने ही कामे लहानच होती. अपवाद ‘मुगल-ए-आझम’चा (१९६०). पती आणि पुत्र यांच्यातल्या युद्धात जोधाबाईला कोणतीच बाजू घेता येत नाही, आणि दुर्गाबाई ही कोंडी अश्रूंपेक्षा गप्प राहून अधिक सांगतात. योगायोग असा की समोर अकबर म्हणून उभे असलेले पृथ्वीराज कपूर हेच १९३४च्या ‘सीता’मध्ये त्यांचे राम होते.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’मध्ये (१९४१) त्यांनी खाष्ट सासूही आपणहून स्वीकारली होती, हेही विसरू नये.

प्रश्न : विजू खोटे आणि शुभा खोटे त्यांचे कोण? आणि दुर्गाबाईंविषयी अधिक जाणून घ्यायचे तर काय वाचावे, काय पाहावे?
– एक वाचक, अकोला

उत्तर : विजू आणि शुभा ही त्यांचे दीर नंदू खोटे यांची मुले. वाचायचे तर १९८२ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मचरित्र ‘मी, दुर्गा खोटे’ हेच आधी वाचावे. दुसऱ्याच वर्षी त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षांत त्यांच्या निर्मितिसंस्थेने दूरदर्शनसाठी ‘वागले की दुनिया’ ही मालिका काढली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चित्रपटांपैकी ‘अयोध्येचा राजा’ आजही उपलब्ध आहे. तो पाहिल्यावर लगेच ‘अमर ज्योती’ पाहावा, ‘मुगल-ए-आझम’ त्यानंतर.