टीजे रँग्लरवर 33 इंची टायर बसवल्यानंतर ॲक्सलचा रेशो कोणता घ्यावा, आणि हे काम घरी करता येते का?

तुमच्याकडे 2004 सालची जीप रँग्लर टीजे आहे. तिला चार लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स असून ॲक्सलमध्ये कारखान्यातलाच 3.07 चा रेशो आहे, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला ॲक्सलकडे येणारा शाफ्ट 3.07 फेरे फिरतो. 225/75 आर 15 चे मूळ टायर काढून तुम्ही 33 इंची टायर चढवले, आणि आता डेन्व्हरहून पश्चिमेला आय-70 महामार्गाने घाट चढताना पाचवा गिअर निरुपयोगी झाला आहे व चौथाही धापा टाकतो. मेकॅनिक म्हणतो की 3.73 पुरेसा आहे, आणि तुम्हाला हे काम स्वतःच्या गॅरेजमध्ये करता येईल का हे जाणून घ्यायचे आहे. मीही कोलोरॅडोत राहतो, माझीही गाडी टीजेच आहे आणि तिचे दोन्ही ॲक्सल मी स्वतः उघडून पुन्हा बसवले आहेत. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी मेकॅनिकचे गणित पाहू, कारण ते चुकलेले नाही, फक्त अपुरे आहे. तुमच्या मूळ टायरचा व्यास सुमारे 28.3 इंच होता. 33 ला 28.3 ने भागले की 1.166 मिळतात, म्हणजे जुन्या टायरवर 2.63 चा रेशो असता तर गाडी जशी चालली असती तशी ती आज चालते आहे. मूळ स्थितीत परत जायचे तर 3.07 ला 1.166 ने गुणावे, उत्तर 3.58 येते आणि त्याच्या वरचा रेशो 3.73 आहे. परंतु मूळ स्थिती तरी कुठे चांगली होती? 3.07 हा रेशो सपाट महामार्गावर इंधन वाचवण्यासाठी दिला जात असे. कोलोरॅडोच्या घाटांत तो लहान टायरवरही कमीच पडत होता. शिवाय 33 इंची टायर नुसता उंच नसतो, तो जडही असतो, त्याचे बरेचसे वजन चाकाच्या परिघाजवळ असते आणि त्यासाठी उंच केलेली गाडी वाऱ्यालाही जास्त अडते. हा भार 1.166 या आकड्यात कुठेच धरलेला नाही.

म्हणून टायरच्या प्रमाणात रेशो वाढवण्याऐवजी मी वेगळा प्रश्न विचारतो: ज्या वेगाने मी रोज जातो, त्या वेगाला इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर असावे? सूत्र सोपे आहे. ताशी मैलांतला वेग, ॲक्सलचा रेशो, चालू गिअरचा रेशो आणि 336 यांचा गुणाकार करून त्याला टायरच्या इंचातल्या व्यासाने भागायचे. (एका मैलात 63,360 इंच असतात, त्यांना 60 ने आणि पायने भागले की 336 येतात.) तुमच्या एनव्ही 3550 गिअरबॉक्सचा पाचवा गिअर 0.78 चा आहे. ताशी 65 मैलांना मूळ टायरवर इंजिन सुमारे 1,850 फेऱ्यांवर होते, आज ते सुमारे 1,585 वर आले आहे. 3.73 घेतला तर ते 1,925 वर येईल, 4.10 ला 2,115, 4.56 ला 2,355 आणि 4.88 ला 2,520. रस्त्यावर टायर वजनाने थोडा दबतो आणि 33 म्हणून विकला जाणारा टायर पुष्कळदा पूर्ण 33 भरतही नाही, त्यामुळे प्रत्यक्षातल्या फेऱ्या याहून थोड्या अधिक असतील.

आता हे आकडे तुमच्या इंजिनापुढे ठेवून पाहा. त्याचा सर्वाधिक टॉर्क, 235 पौंड-फूट, 3,200 फेऱ्यांना मिळतो आणि 190 अश्वशक्ती 4,600 ला. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. आय-70 वरचा आयझेनहॉवर बोगदा सुमारे 3,400 मीटर उंचीवर आहे, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशांच्या आसपास असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण त्याच प्रमाणात घटते. अशा ठिकाणी इंजिनाला 1,900 फेऱ्यांवर राबवणे म्हणजे ते गुदमरवणेच आहे. म्हणून तुमच्या गाडीसाठी माझे उत्तर स्पष्टपणे 4.56 असे आहे. 4.88 घेतल्यास घाट आणखी सोपा होईल, पण पूर्वेला कॅन्ससच्या सपाट रस्त्यावर ताशी 75 मैलांना इंजिन 2,900 च्या वर फिरत राहील. शिवाय 4.56 च्या पिनियनला, म्हणजे ॲक्सलमधल्या क्राउन या मोठ्या गिअरला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला, नऊ दात असतात आणि 4.88 च्या पिनियनला आठ, म्हणजे रेशो जितका वाढवाल तितका पिनियन लहान होतो व त्याची ताकद घटते. तुमची गाडी चार गिअरच्या 42 आरएलई ऑटोमॅटिकची असती, तर मात्र मी 4.88 च सुचवला असता, कारण तिचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सर्वांत वरचा गिअर, 0.69 चा आहे आणि त्यावर 65 मैलांना फेऱ्या सुमारे 2,230 च होतात.

खडकाळ वाटेवरचा फायदा वेगळा आहे आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. पहिला गिअर 4.01, ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे वाटणाऱ्या पेटीचा) लो 2.72 आणि ॲक्सल 3.07 यांचा गुणाकार 33.5 येतो, 4.56 ने तो जवळजवळ 50 होतो. कोलोरॅडोतल्या इमोजीन पास या खडकाळ घाटाच्या उतारावर ब्रेक न दाबता, केवळ इंजिनाच्या अडवणुकीवर गाडी सावकाश उतरवता येणे आणि न येणे, एवढा हा फरक आहे.

पैसे खर्च करण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली म्हणजे 33 हाच तुमचा शेवटचा टायर आहे का. पुढे 35 इंचांवर जाण्याचा विचार मनात असेल, तर मागच्या डाना 35 ॲक्सलमध्ये एक डॉलरही घालू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याचे शाफ्ट बारीक असतात आणि चाक आत सी-क्लिपने, म्हणजे सी आकाराच्या छोट्या कडीने, धरलेले असते, त्यामुळे शाफ्ट तुटला तर चाक शाफ्टसकट बाहेर येऊ शकते. 33 वर समजून-उमजून गाडी चालवणाऱ्याला तो पुरतो, 35 वर नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आत्ताचा रेशो खरोखरच 3.07 आहे का. वापरलेल्या गाडीत आधीच्या मालकाने काय केले असेल ते सांगता येत नाही. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा, मागचे एकच चाक जॅकने उचला, ते बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे (ॲक्सलकडे येणाऱ्या लांब दांड्याचे) फेरे मोजा. उघड्या, म्हणजे लॉकर नसलेल्या डिफरन्शियलमध्ये ती संख्या म्हणजेच रेशो. तीन फेरे पूर्ण होऊन जेमतेम थोडे पुढे गेले, तर 3.07.

आता सुट्या भागांचा विषय, कारण इथे बहुतेकांचे अंदाजपत्रक कोसळते. केवळ क्राउन-पिनियनची जोडी विकत घेऊन तुमचे काम होणार नाही. 3.07 चा पिनियन चौदा दातांचा, म्हणजे चांगला जाड आहे. नऊ दातांचा पिनियन लहान असल्याने क्राउन त्याच्याकडे सरकावा लागतो, आणि त्यासाठी ज्या कॅरिअरवर क्राउन बोल्टने बसतो, त्याची बैठकच वेगळ्या जागी असावी लागते. पुढच्या डाना 30 ॲक्सलमध्ये 3.54 पर्यंत एक कॅरिअर आणि 3.73 पासून दुसरा; मागच्या डाना 35 मध्ये 3.31 पर्यंत एक आणि 3.54 पासून दुसरा. तुम्हाला दोन्हीकडे सीमा ओलांडावी लागते, म्हणजे दोन नवे कॅरिअर आले. लॉकर (दोन्ही चाकांना एकत्र फिरवणारा भाग) बसवायचे मनात असेल, तर हीच वेळ आहे, कारण लॉकर कॅरिअरच्याच जागी बसतो आणि मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही. हात आखडता असेल तर आणखी एक मार्ग आहे: चार सिलिंडरच्या मॅन्युअल टीजेला कारखान्यातूनच 4.10 मिळत असे. मोडीत निघालेल्या तशा गाडीचे पुढचे आणि मागचे ॲक्सल जोडीने मिळाले, तर ते जसेच्या तसे बोल्टने बसतात. घाटासाठी 4.10 थोडा कमी पडेल, पण आजच्यापेक्षा गाडी कितीतरी मोकळी चालेल.

घरी करता येते का? येते, पण हे नट-बोल्ट आवळण्याचे काम नसून मोजमापाचे आहे, हे मनाशी ठरवूनच सुरुवात करावी. डायल गेज, इंच-पौंडांत मोजणारा काट्याचा टॉर्क रेंच, बेअरिंग ओढण्याचा पुलर आणि प्रेस यांपैकी एखादे जरी नसेल, तर काम बाहेर द्यावे. मी पहिल्यांदा ते बाहेरच दिले होते. ताशी पन्नास मैलांवर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून कण्हल्यासारखा आवाज येई. हजार मैलांच्या आतच कव्हर उघडले, तेव्हा तेलात धातूची चमक दिसली आणि दातांवर एका कडेलाच घासल्याची रेघ होती. पिनियनची खोली चुकली होती, आणि ती जोडी टाकूनच द्यावी लागली.

ही खोली म्हणजे सगळ्या कामाचा गाभा. पिनियन क्राउनमध्ये किती आत शिरतो हे शिमच्या, म्हणजे मध्ये घातलेल्या पातळ चकतीच्या, जाडीवर ठरते आणि तिथे इंचाच्या हजारांशातले दोन-तीन भागही जाणवतात. मूळ शिमच्या जाडीपासून सुरुवात करा, दातांना रंगाची पेस्ट लावा, क्राउनला हाताने थोडा विरोध देत फिरवा आणि ठसा पाहा. ठसा दाताच्या मुळाकडे खोल उमटला तर पिनियन फार आत गेलेला आहे, माथ्याकडे उमटला तर तो बाहेर राहिला आहे. दर वेळी बेअरिंग ओढून काढावे लागू नये म्हणून जुन्या बेअरिंगचे आतले भोक घासून थोडे मोठे करा आणि चाचणीपुरते तेच वापरा. नवे बेअरिंग शेवटी एकदाच दाबून बसवा. मागच्या डाना 35 मध्ये कॅरिअरचे शिम बेअरिंगच्या बाहेर असल्याने बॅकलॅश, म्हणजे दोन गिअरच्या दातांमधली मोकळी हालचाल, जुळवणे सोपे जाते. पुढच्या डाना 30 मध्ये ते बेअरिंगच्या आत असतात, आणि त्या एकट्या ॲक्सलला मला चार दिवस लागले. बॅकलॅश साधारण 0.006 ते 0.010 इंच असावा. क्राउनवर तीन-चार ठिकाणी तो मोजावा, आणि जोडीसोबत आलेल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा मानावा.

पुढच्या ॲक्सलबाबत एक बारकावा आहे. टीजेचा पुढचा पिनियन खालच्या बाजूचा असल्याने गाडी पुढे ओढताना त्याच्या दातांची कोस्टची बाजू (मागच्या ॲक्सलमध्ये जी ॲक्सिलरेटर सोडल्यावर भार घेते ती) भार घेते, म्हणून तिथे कोस्टचा ठसाही ड्राइव्हच्या, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या, ठशाइतकाच काळजीने पाहावा.

पिनियनचा नट आवळताना आतली क्रश स्लीव्ह (दबण्यासाठीच केलेली धातूची नळी) दबते आणि त्यातून बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा कायमचा दाब, तयार होतो. स्लीव्ह दबायला सुरुवात होईपर्यंत लांब पाइप लावून जोर द्यावा लागतो, आणि त्यानंतर मात्र नट केसभर फिरवला तरी प्रीलोड झपाट्याने चढतो. दर वेळी थोडेसे आवळा, पिनियन फिरवून मोजा, पुन्हा आवळा. मर्यादा ओलांडली तर नट सैल करून भागत नाही, नवी स्लीव्ह घालावी लागते. म्हणून दोन जास्तीच्या स्लीव्ह आधीच आणून ठेवा.

एक ॲक्सल झाला आणि दुसरा व्हायचा आहे, अशा काळात गाडी चालवावी लागली तर ट्रान्सफर केसचा लिव्हर टू-व्हील ड्राइव्हमध्येच राहू द्या. पुढे आणि मागे वेगवेगळे रेशो असताना फोर-व्हील ड्राइव्ह लावला, तर ट्रान्सफर केस किंवा शाफ्ट तुटेल.

गाडी सुरू करण्यापूर्वी ॲक्सलमध्ये जीएल-5 दर्जाचे गिअर तेल घाला, पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे हलक्या पायाने चालवून हाउसिंग पूर्ण थंड होऊ द्या आणि असे दोन-तीनदा करा. पहिले 500 मैल काहीही ओढू नका, आणि त्यानंतर तेल बदला. स्पीडोमीटर मात्र त्याआधीच दुरुस्त करून घ्या, नाहीतर हे 500 मैल मोजणार कशावर? टीजेमध्ये ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला प्लॅस्टिकचा एक छोटा गिअर असतो आणि त्याच्या दातांची संख्या त्याच्यावरच छापलेली असते. मूळ 3.07 व 28.3 इंचांवरून 4.56 व 33 इंचांवर गेल्यावर त्या संख्येला 1.27 ने गुणायचे. तुमच्या गिअरवर 27 लिहिलेले असेल तर 34 दातांचा आणा, आणि बसवताना त्याचे घर दातांच्या संख्येप्रमाणे दिलेल्या खुणेवर फिरवून मगच आवळा.